आईचा गुडघा, बाबांची वही आणि टोकियोतलं यानाका: अर्ध्या दिवसात जमेल का?

ओली_भेळ (गुरुवार, रात्री)

नमस्कार मंडळी,

मी योकोहामाला असते. आई-बाबा नाशिकहून आलेत, परतीचं विमान पुढच्या रविवारी. असाकुसा झालं, कामाकुराचा बुद्ध झाला, शिबुयाचा चौक झाला (त्या गर्दीत आई माझा हात सोडायला तयार नव्हती, जशी काही मीच हरवणार होते). परवा जेवताना बाबा म्हणाले, "मोठं मोठं पुष्कळ दाखवलंस. आता एखादी गल्ली दाखव, माणसं राहतात अशी."

बाबांनी ३४ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. खिशात तळहाताएवढी वही आणि ४बी पेन्सिल कायम. कुठेही टेकतात आणि काढत बसतात. आई बरोबर उलट, तिला चालायचं असतं, पण उजवा गुडघा त्रास देतो. त्यात ती पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

ऑफिसातल्या एका बाईंनी यानाका सुचवलं. जुनं टोकियो, लाकडी घरं, मांजरी, देवळं असं बरंच काही सांगत होत्या. नकाशा उघडला तर देवळांच्या खुणांची नुसती रांगोळी आणि मध्ये ही एवढी मोठी दफनभूमी.

माझ्या हातात सोमवारची सकाळ आहे. साडेचारला पोराला पाळणाघरातून घ्यायचं असतं. तर: अर्ध्या दिवसात होईल का? सुरुवात कुठून करू? आणि आई काय खाईल?

---

पाऊलवाट

उत्तम निवड. मी तीनदा चालून आलोय.

यानाका जुनं का राहिलं ते आधी सांगतो, म्हणजे बाबांना सांगता येईल. १६५७ साली एदोत म्हणजे जुन्या टोकियोत मोठी आग लागली, मेइरेकीची आग म्हणतात तिला. त्यानंतर शहराच्या मध्यातली बरीच देवळं या टेकाडावर हलवली. आजही सत्तरच्या वर आहेत. पुढे १९२३ चा भूकंप आणि १९४५ ची बॉम्बफेक, या दोन्हींत आजूबाजूचं टोकियो जळून गेलं आणि हा भाग बराचसा वाचला. म्हणून गल्ल्या अजून वेड्यावाकड्या आहेत.

मार्ग सोपा आहे. निप्पोरी स्टेशनच्या पश्चिम दाराने बाहेर पडा. गोतेन्झाकाच्या चढावर उजव्या हाताला क्योओजी देऊळ लागेल. त्याच्या लाकडी दारात १८६८ च्या उएनोच्या लढाईतल्या गोळ्यांची भोकं आहेत, बोट घालून बघता येतात. शोगुनच्या (जुन्या लष्करी राज्यकर्त्याच्या) बाजूचे लढवय्ये हरल्यावर पळत इथे आले आणि मागून नव्या सरकारचं सैन्य. पुढे युयाके दांदानच्या पायऱ्या उतरून यानाका गिंझाचा बाजार, तिथून हेबिमिची ही नागमोडी गल्ली (खाली आइझोमे नदी पुरलेली आहे, गल्लीला वळणं तिचीच), आणि शेवट नेझू देवळात. १७०६ चं देऊळ, लाल तोरींची (देवळाबाहेरच्या कमानींची) रांग. निप्पोरी वर, नेझू खाली. म्हणजे सगळा उतार, वयस्कर माणसांना सोयीचं.

---

कोजागिरी७७

एवढं जुनंच बघायचं तर कावागोएला का नाही जात? काळ्या भिंतींची गोदामं, लाकडी घंटाघर-मनोरा, रताळ्याचं आइस्क्रीम. फोटो तरी बरे येतात.

---

मेथीची_जुडी

कावागोए छान आहे हो, पण योकोहामाहून जाऊन यायलाच अर्धा दिवस. आणि मुख्य रस्त्यावर गोदामांइतक्याच गाड्या. भेळताईंच्या बाबांना माणसं राहतात ती गल्ली हवीये.

भेळताई, घाई करू नका, दोन प्रश्न विचारते. आईंचा गुडघा चढताना दुखतो की उतरताना? आणि सोमवार ठरलाच आहे का? कारण सोमवारी यानाका म्हणजे दार लावलेलं घर.

---

ओली_भेळ

अगबाई, बरं झालं विचारलंत. उतरताना! चढते ती बऱ्यापैकी, दम लागतो तेवढाच. उतरताना कठडा आणि माझा खांदा दोन्ही लागतात. सोमवार बदलता येईल, मंगळवारी अर्धी रजा टाकते.

---

मेथीची_जुडी

मग मंगळवारच. आणि पाऊलवाटदादांनी सांगितलेला रस्ता उलटा करायचा. "सगळा उतार, वयस्कर माणसांना सोयीचं" हे म्हणणाऱ्याचे गुडघे अजून शाबूत असतात!

मी सध्या निशिकासाईला असते, पण लग्नानंतरची पहिली दोन वर्षं आम्ही सेंदागीला एका लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने काढली. जिना इतका उभा की सामान आधी, माणूस नंतर. खाली घरमालकीणबाई राहायच्या. रोज सकाळी दारापुढे पाणी मारून झाडू फिरवायच्या, पण अगदी आपल्या हद्दीपुरतं आणि शेजाऱ्याच्या हद्दीत वीतभर. वीतभरच का, तर त्याहून जास्त झाडलं तर शेजारणीला लाज वाटेल, आणि अजिबात नाही झाडलं तर कंजूषपणा. हे मला त्यांनी एकदा हातवारे करून समजावलं होतं. गल्ली बघायची म्हणजे बाबांना हेच बघायचं असणार. दारापुढच्या कुंड्या, फोमच्या खोक्यात लावलेली मिरचीची रोपं, पाण्याने भरलेल्या बाटल्या.

सासूबाई आल्या तेव्हा त्यांना मी याच भागात पाच वेळा फिरवलं. त्यांचाही गुडघा उतरतानाच दुखायचा, म्हणून हा मार्ग मी शास्त्र म्हणून नाही, बोलणी खाऊन शिकलेय.

गाडी: निशि-निप्पोरीला उतरा, चियोदा लाइनने एकच स्टेशन सेंदागी. एक लक्षात ठेवा, साडेदहाच्या सुमारापासून दुपारभर केइहिन-तोहोकू लाइनची गाडी जलद होते आणि निप्पोरी, निशि-निप्पोरी दोन्ही गाळते. डोळ्यांदेखत स्टेशन मागे जातं. जाताना आणि येतानाही उएनोला यामानोते लाइनमध्ये बदला म्हणजे प्रश्न नाही.

सेंदागीहून बाजार सपाटीवर आहे. यानाका गिंझा म्हणजे नाव गिंझा, लांबी जेमतेम १७० मीटर, साठेक दुकानं. दहाच्या आत गेलात तर अर्धी शटरं खाली, अकराला जीव येतो. छपरांवर लाकडी मांजरी बसवल्या आहेत, सात. आईंना मोजायला सांगा, चालण्याचा वेग आपोआप कमी होतो. खऱ्या मांजरी मात्र लोक म्हणतात तेवढ्या दिसत नाहीत, मला दोन वर्षांत रोजची अशी एकच होती, शेपूट तुटलेली, आमच्या सायकलच्या टोपलीत झोपायची.

बाजार संपला की समोर युयाके दांदानच्या पायऱ्या. छत्तीस. खालून वर जायचंय, कठडा आहे, मध्ये थांबून मागे वळून बाजार बघायचा. उतरून येणारे सगळे फोटोसाठी वरच थांबतात, तुम्ही शांतपणे चढा. त्याही नको वाटल्या तर शेजारून नानामेन्झाका नावाचा चढाचा रस्ता आहे, जरा वळसा पडतो. एकदा वर पोचलात की मग जवळजवळ सगळं टेकाड सपाट. गुडघ्याला पुन्हा त्रास नाही.

आता बाबांचं ठिकाण. आसाकुरा शिल्पसंग्रहालय. फुमिओ आसाकुरा हा शिल्पकार (१८८३–१९६४), त्याचं राहतं घर आणि स्टुडिओ, बांधून झालं १९३५ ला. बाहेरून काळी काँक्रीटची इमारत, आत शिरलं की लाकडी जपानी घर, आणि मधोमध पाणी. अंगणात पाणी नाही हं, अंगणच पाण्याचं. त्यात पाच मोठे दगड, कन्फ्युशियसच्या पाच सद्गुणांचे. कुठल्याही खोलीतून बघितलं तरी एखादा दगड समोर येतोच, बहुतेक शिष्य चुकवू नयेत म्हणून. स्टुडिओच्या जमिनीत विजेवर चालणारा पाळणा आहे, मोठा पुतळा खाली उतरवून त्याच्या डोक्याचं काम उभ्याउभ्या करायचं. बाबा तिथे किती वेळ थांबतील याचा हिशेब आधीच करा.

हा माणूस शिष्यांना शिल्पाबरोबर बागकाम सक्तीचं करायचा. गच्चीवर भाजीची बाग आहे, मुळे लावलेले असतात. गच्चीपर्यंत जिने आहेत, म्हणून बाबांना वर पाठवा आणि आईंना पाण्यापाशी बसवा. बूट काढून हातात पिशवीत घ्यावे लागतात आणि पायात मोजे हवेतच. सासूबाई चपला घालून, बिनमोज्यांच्या गेल्या होत्या, माझे मोजे काढून त्यांना दिले आणि मी बाहेर उभी. तिकीट ५०० येन. सोमवारी आणि गुरुवारी बंद. मोजे पर्समध्ये ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

तिथे एक पुतळा आहे, "हाकामोरी", म्हणजे कबरींचा राखणदार. १९१० चा. एक म्हातारा नुसता उभा आहे, जरा मागे रेलून, काही ऐकतोय असा. तो खराखुरा तेन्नोजी देवळाच्या दफनभूमीचा राखणदार होता, आणि तुम्ही नंतर त्याच दफनभूमीतून चालणार आहात. म्हणून आधी पुतळा, मग दफनभूमी. उलट केलं तर ही गंमत जाते.

उरलेलं जेवणखाण उद्या लिहिते, भाजी करपतेय.

---

पाऊलवाट

मेथीताई, मान्य, गुडघे शाबूत आहेत. राखणदाराचं मला माहीत नव्हतं, तीनदा जाऊनही उलट्याच क्रमाने बघितलं.

दफनभूमीबद्दल थोडी भर. १८७४ साली तेन्नोजी देवळाची जमीन घेऊन ती सार्वजनिक केली. आत एका चौकीशेजारी पाच मजली पॅगोड्याच्या पायाचे दगड आहेत. १७९१ चा पॅगोडा होता, युद्धातून वाचला आणि १९५७ च्या जुलैत एका जोडप्याने त्यातच जाळून घेतलं तेव्हा गेला. आता फक्त दगड आणि कुंपण. शेवटचा शोगुन तोकुगावा योशिनोबू (मृत्यू १९१३) इथेच आहे. पूर्वीचे शोगुन मोठ्या देवळांच्या आवारात, हा शिंतो पद्धतीच्या गोल दगडी ढिगाखाली. दार बंद असतं, कुंपणातून बघायचं. त्याच्याच पदरी सुरुवातीला नोकरी केलेला, पुढे उद्योगपती झालेला शिबुसावा एइइची जवळच आहे. २०२४ च्या जुलैपासून दहा हजार येनच्या नोटेवर आहे तो. नोट हातात धरून दाखवा.

आणि बाबांसाठी खास: कबरींच्या मागे उभ्या लाकडी फळ्या दिसतील, वरच्या टोकाला खाचा पाडलेल्या. त्यांना सोतोबा म्हणतात, शब्द आपल्या "स्तूप"वरून गेलेला. त्यांवर वरून खाली पाच अक्षरं असतात सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीत: ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, तेज, आप, पृथ्वी. खाचांचे पाच आकारही त्याच पंचमहाभूतांचे. सगळ्या पंथांत हीच अक्षरं नसतात, पण चारदोन फळ्या बघितल्या की सापडतात. "ख" म्हणजे आकाश, आपला खग त्याच "ख"चा.

---

ओली_भेळ

पाऊलवाटदादा, बाबांना वाचून दाखवलं. ते उठून चष्मा घेऊन आले आणि "परत वाच" म्हणाले.

पण दुसरी बाजू: आई म्हणते, "सुट्टीला आले आणि मसणवट्यात फिरायला नेताय?" आता?

---

मेथीची_जुडी

हा! सासूबाईंचंही हेच. "स्मशानात कशाला नेतेस गं फिरायला, माझी वेळ व्हायचीय अजून." पहिल्यांदा कुंपणापाशी थांबून राहिल्या होत्या, आम्ही दोघं आत जाऊन आलो. दुसऱ्या वेळी एका बाईंना बघितलं, बादली-डाव घेऊन आल्या होत्या, दगडावर पाणी घातलं, पुसलं, फुलं बदलली आणि शेजारच्या बाकावर बसून डबा उघडला. सासूबाईंनी ते दहा मिनिटं बघितलं. तिसऱ्या वेळी आत आल्या, पण घरी येऊन डोक्यावरून अंघोळ केलीच, आणि मलाही करायला लावली. तुमच्या आईंना जबरदस्ती करू नका. मधला रुंद रस्ता चेरीच्या झाडांचा आहे, दोन्ही बाजूंनी लोक ऑफिसला जातात, पोरं सायकलवरून जातात. त्या रस्त्यानेच चला. तेवढं चालतं बहुधा.

तेन्नोजीत मात्र आईंना नक्की न्या. आत १६९० चा ब्राँझचा बुद्ध बसलाय, कामाकुराच्या मानाने लहान, पण हा अंगणात बसलेल्या आजोबांसारखा वाटतो. आणि तिथला बिशामोन म्हणजे आपला वैश्रवण, कुबेर. एके काळी या देवळात सरकारी परवानगीने लॉटरीची सोडत निघायची. कुबेराच्या दारात लॉटरी! सासूबाईंना हे फार आवडलं, त्यांनी नमस्कार जरा जास्तच वेळ केला.

वाटेत कुठे कुठे दगडी जिझो दिसतील, गळ्यात लाल लाळेरी बांधलेले. ती लहान मुलांसाठी, गेलेल्यांसाठी. आईंनी विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर राहू दे.

आता मधला तुकडा. आसाकुराहून बाहेर पडलात की कानोनजीची भिंत शोधा. मातीचा एक थर, कौलांचा एक थर, परत माती, अशी एदो काळातली भिंत. फार लांब नाही, चाळीसेक मीटरसुद्धा नसेल. बघायला दोन मिनिटं, चित्र काढायला चाळीस. मग दक्षिणेकडे चालत गेलात की एका त्रिकोणी कोपऱ्यावर छोटंसं जुनं दुकान आणि त्याच्या डोक्यावर अवाढव्य झाड. दुकानवाल्यांच्या वाडवडिलांनी कुंडीत लावलेलं रोप वाढत गेलं म्हणतात. लोक त्याला हिमालाया-सुगी म्हणतात. अहो, देवदार तो आपला! सासरे वनखात्यात होते, सासूबाईंनी लांबूनच ओळखला आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला काहीतरी दाखवलं.

बाबांसाठी आणखी एक, पायात बळ असेल तर. ओकाकुरा तेन्शिन या कलाविचारकाने १८९८ मध्ये जपानी चित्रकलेची आपली संस्था यानाकात काढली. त्या जागी आता मुलांची बाग आहे, घसरगुंडी वगैरे, आणि कोपऱ्यात षट्कोनी छोटी मंडपी. बघायला काहीच नाही, खरंच सांगते. पण ओकाकुरा १९०२ च्या सुमारास भारतात होता, विवेकानंदांना भेटला, अजिंठा बघून आला. त्याचे चित्रकार योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो १९०३ मध्ये कलकत्त्याला गेले, ठाकूरांकडे राहिले, आणि अवनींद्रनाथ ठाकूरांचं वॉशचं (पातळ पाणरंगांच्या थरांचं) तंत्र त्यांना बघूनच आलं. तुमच्या बाबांनी मुलांना वॉश शिकवलं असेलच. ताइकानची कबरही यानाकाच्या दफनभूमीत आहे.

खाण्याचं, आता नीट ऐका, इथेच घोळ होतो.

बाजारात जिथे सर्वात लांब रांग असेल ती मेंची-कात्सुची, खिम्याची. सोडा. सोबा किंवा उदोनच्या दुकानात "भाजीचं आहे" म्हणाले तरी रस्सा दाशीचा असतो आणि दाशी बोनितो माशाची. आमच्याकडच्या एका पाहुण्यांनी तीन दिवस आनंदाने उदोन खाल्लं, चौथ्या दिवशी मी सांगितलं. सांगायला नको होतं. म्हणून वाक्य पाठ करा: "निकु, साकाना, तामागो वा ताबेमासेन. दाशी मो." (मांस, मासे, अंडी खात नाही. दाशीसुद्धा.) आणि तरी अपेक्षा कमी ठेवा. सकाळी घरून थालीपीठ नाहीतर दशम्या घ्या, डब्याला पर्याय नाही. फक्त चालता चालता खाऊ नका, बाकावर बसून खा. कचऱ्याची पेटी कुठेही नसते, एक पिशवी जास्तीची.

सेनबेई म्हणजे तांदळाचे भाजलेले पापड, सोया सॉस लावून. ते चालतील, "एबी" नाही ना एवढं विचारा, कोळंबी घातलेले असतात. ताइयाकी दिसायला मासा, आत अझुकीचं (लाल कडधान्याचं) गोड पुरण, माशाचा कण नाही, पण पिठात अंडं असू शकतं म्हणून तुमच्या आईंना नको. सासूबाईंना मासा बघूनच नको झालं होतं, मी फोडून पुरण दाखवलं, मग शेपटीकडून सुरुवात करून डोळ्यापर्यंत गेल्या. डोळा मला दिला.

निप्पोरी स्टेशनजवळ हाबुताए दांगोचं दुकान आहे, १८१९ पासूनचं. तांदळाच्या पिठाचे चपटे मऊ गोळे काडीला लावलेले, एक प्रकार सोया लावून भाजलेला, एक अझुकीच्या पुरणात. शेवट तिथे करा. चहाही मिळतो आणि बसायलाही. कॉफी हवी असेल तर त्याआधी दफनभूमीच्या दक्षिणेला कोपऱ्यावर कायाबा, १९३८ पासूनचं, घर १९१६ चं. त्यांचं नाव अंड्याच्या सँडविचसाठी आहे, तुम्ही कॉफीच घ्या. समोरच रस्त्यापलीकडे १९१० चं जुनं साकेचं दुकान जसंच्या तसं ठेवलंय, फुकट बघता येतं, पिंपं आणि वजनकाटे. दोन्ही सोमवारी बंद, म्हणून म्हटलं.

निप्पोरीच्या दुसऱ्या बाजूला कापडाची बाजारपेठ आहे, किलोमीटरभर. आईंना त्याबद्दल एक शब्द बोलू नका. साडेचारला पाळणाघर गाठायचंय ना?

---

कोजागिरी७७

कावागोएचं मागे घेतो. पण रताळ्याचं आइस्क्रीम शाकाहारी होतं हे नोंदवून ठेवतो.

---

ओली_भेळ (मंगळवार, रात्री)

जाऊन आलो. पोरगं झोपलंय, बाबा वही पुसतायत (थोडा पाऊस लागला), आईची अंघोळ झाली. हो, डोक्यावरून.

साडेदहाला सेंदागी. बाजारात आईने छपरांवरच्या सहा मांजरी शोधल्या, सातवीसाठी दोनदा मागे गेली. पायऱ्या तिने एका दमात चढल्या आणि वर उभी राहून खाली थांबलेल्या बाबांना हाक मारली, "अहो, या की!" बाबा खाली एका म्हाताऱ्याच्या चाकू-कात्र्यांकडे बघत होते.

आसाकुरात मोजे होते पर्समध्ये, मेथीताई, तुमचे पाय धरावेत इतके उपयोगी पडले. आई तशीच चपला घालून आली होती. बाबा "हाकामोरी"समोर किती वेळ उभे होते ते मी मोजलं नाही. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "खांदे बघितलेस?" मी बघितले नव्हते, परत गेले. एक खांदा जरा खाली आहे. आत चित्र काढता येईल का असं विचारायला बाबा लाजले, म्हणून गच्चीवर जाऊन त्यांनी मुळ्याची पानं काढली. आई पाण्यापाशी बसून पाच दगडांपैकी चारच दिसतायत म्हणून मान वळवत होती.

भिंतीपाशी नियोजन कोसळलं. बाबा समोरच्या पायरीवर टेकले आणि कौलांचे थर काढायला लागले. पाऊस यायला लागला. समोरच्या घरातून एक आजी बाहेर आल्या, मला वाटलं हटकणार. त्यांनी छत्री आणली आणि बाबांच्या डोक्यावर धरून उभ्या राहिल्या. मी घ्यायला गेले तर देईनात. वीसेक मिनिटं. बाबांना जपानी येत नाही, त्यांना मराठी येत नाही, मधूनमधून त्या एकेक कौल बोटाने दाखवायच्या आणि "हाइ, हाइ" म्हणायच्या. बहुतेक बाबांनी एक थर विसरला होता, तो त्यांनी पुरा करून घेतला! शेवटी आईने डब्यातल्या दोन दशम्या कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी वाकून घेतल्या आणि आत जाऊन तेवढ्याच आकाराची पुडी घेऊन आल्या, सेनबेई. आई मला म्हणते, "एबी विचार." कसं विचारणार होते मी त्या वेळी?

देवदार ओकाकुरासकट राहून गेला. कायाबाही. दफनभूमीतून मधल्या रस्त्याने आलो, आई मधोमध, दोन्हीकडे न बघता. बाबांनी मात्र फळ्या शोधल्या. तिसऱ्या फळीवर ख, ह, र, व, अ मिळाली, पाऊलवाटदादा. बाबांनी "र" लगेच ओळखला, "ख"वर वाद घातला. आई लांबून म्हणाली, "पंचमहाभूतं आहेत तर मग ठीक आहे," आणि दोन पावलं आत आली. दोनच.

तेन्नोजीच्या बुद्धापुढे बाबांना पुन्हा बसायचं होतं, मी हातातलं घड्याळ दाखवलं. दांगो दोन्ही प्रकारचे घेतले. सोयाचा आईला आवडला नाही, "मीठ लावलेला मोदक" म्हणाली. पुरणाचा तिने आणखी एक मागितला. पाळणाघरात चार वाजून अठ्ठावीस मिनिटांनी पोचले.

आता बाबा म्हणतायत भिंत अर्धी राहिली, परवा पुन्हा जाऊ, मी एकटाही जाईन, स्टेशनचं नाव लिहून दे. परवा गुरुवार. आसाकुरा बंदच ना?

---

मेथीची_जुडी

बंद. पण त्यांना भिंतच काढायचीय ना, मग जाऊ देत. चिठ्ठीवर सेंदागी आणि निप्पोरी दोन्ही जपानीत लिहून द्या, मागे तुमचा फोन नंबर. आणि दशम्या चार द्या, दोन आजींच्या.